मे महिन्यातलं लोखंड

आमच्याकडे बापाच्या मोठ्या भावाला मोठेबाबा म्हणतात आणि लहान भावाला काका. इतका सोपा नियम, शेंबड्या पोराला कळतो. पण माझ्या बाबांना एकच चुलतभाऊ, आणि त्यांना काय म्हणायचं हे मला लग्न होऊन लेकरू झालं तरी ठरवता आलं नव्हतं. बाबांसमोर मी त्यांना काका म्हणायची. त्यांच्या घरी गेलं की मोठेबाबा. दोघं एकदम समोर आले की नुसतंच, "अहो, चहा घेता का?"

कारण दोघांत मोठा कोण, हे कोणालाच माहीत नव्हतं. दोघांचंही म्हणणं, मी. शाळेच्या दाखल्यावर दोघांची जन्मतारीख एकच. गुरुजींनी दोघांना एकाच दिवशी शाळेत बसवलं आणि त्या दिवशी बसवलेल्या लहानमोठ्या सगळ्यांना एकाच सालचा एक जुलै देऊन टाकला. कागदोपत्री हे दोघं जुळे, फक्त आया वेगळ्या.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, माझं लग्न ठरेपर्यंत. पत्रिका छापायला टाकली, आणि निमंत्रकांमध्ये आधी नाव कोणाचं? बाबांनी गुपचूप स्वतःचं वर टाकलं. चुलत्यांनी पत्रिका पाहिली. लग्नाला आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेले. आमच्या आर्णीत सख्ख्या भावासारखा माणूस मांडवातून न जेवता जातो म्हणजे काय, हे मी सांगायला नको. माझ्या लग्नाची आठवण म्हणून माझ्याकडे दोन रुसलेले म्हातारे आहेत. बाकीच्या बायांकडे अल्बम असतो.

तेव्हापासून दसरा बंद. दसऱ्याला लहानानं मोठ्याच्या घरी जाऊन सोनं द्यायचं, पाया पडायचं. हे दोघं आपापल्या घरी दार उघडं टाकून, धुतलेला सदरा घालून बसायचे. लहान येईल म्हणून. दोन्ही घरांच्या मध्ये मोकळी जागा, तिच्यात कडुनिंब, आणि कडुनिंबाखाली आजोबांची जुनी अमेरिकन पिकअप. त्या गाडीवर दोघांनी मिळून वर्षानुवर्षं जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस वाहिला होता. म्हणून दसऱ्याला गाडीची पूजा मात्र दोघंही करत. सकाळी बाबा नारळ फोडून जायचे, दुपारी चुलते. एकमेकांच्या खोबऱ्याकडं पाहून दोघंही तोंड वाकडं करायचे.

मग कापसाचे ते वाईट दिवस आले. भाव नाही, जिनं एकेक करून थंड पडली. मोठ्या शहरांतून पत्रकार येत, आमच्याकडे पाहून हळहळत, आमचाच चहा पिऊन जात. वाहायला कापूसच नाही तर गाडी काय करणार? ती कडुनिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच, आणि चाकांत कोंबड्या अंडी घालायला लागल्या. शेवटी पुसदचा एक भंगारवाला आला. म्हणाला, दसऱ्याच्या आधी उचलून नेतो.

आणि इथंच बाबांचा चेहरा उतरला. गाडीसाठी नाही. पुरावा चालला होता म्हणून.

बाबांचा सगळा दावा त्या गाडीवर उभा होता. गाडी घरी आली त्याच आठवड्यात बाबा जन्मले, हे अख्ख्या खानदानाला मान्य. आणि चुलते जन्मले सत्तेचाळीसच्या पंधरा ऑगस्टला. हेही सगळ्यांना मान्य, कारण "सरकार दरवर्षी माझ्या वाढदिवसाची जिलेबी वाटते," असं ते जन्मभर सांगत आले. म्हणजे गाडी पंधरा ऑगस्टच्या आधी आली असेल तर बाबा मोठे, नंतर आली असेल तर चुलते. "गाडीले इचार ना!" बाबा छातीवर हात मारून म्हणायचे.

मला एक दिवस खरंच संताप आला. म्हटलं, थांबा, गाडीलाच विचारते! मी तेव्हा यवतमाळला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. क्लास सुटला की सायबर कॅफेत बसून अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या वेडगळ लोकांचं लिहिलेलं वाचायची. काय लोक असतात! एकेका बोल्टाचं खानदान सांगतात. त्यांच्याकडून कळलं की दाराच्या चौकटीवरच्या पत्र्यावर गाडीचा अनुक्रमांक असतो, त्यावरून मॉडेल कळतं. आणि इंजिनाच्या अंगावर, लोखंड ओतलं त्या दिवसाची तारीख उठावात असते. आधी महिन्यासाठी इंग्रजी अक्षर, जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी. मग दिवस. मग वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. पूर्ण साल लिहायला त्यांना काय जड जात होतं, देव जाणे.

आर्णीला येऊन बॉनेट उघडलं तर तारीख कुठं? त्या जागी हळदकुंकवाचा खडक! बाबांना तो उठाव म्हणजे कंपनीनं काढलेलं काहीतरी शुभचिन्ह वाटायचं, म्हणून ते वर्षानुवर्षं नेमकं तिथंच हळदकुंकू वाहत आले. चुलत्यांनाही तेच वाटायचं, म्हणून दुपारी त्यांचंही तिथंच. वरून ऑइल, धूळ, कापसाचे तंतू. दोघांनी मिळून पुरावा असा पुरला होता की खोदायला मला रॉकेल, तारेचा ब्रश आणि स्वयंपाकघरातला सांडसा लागला. आई ओरडली ते वेगळंच.

निघालं ते असं: ई, मग दिवस, मग सात. ई म्हणजे मे. सात म्हणजे सदतीस की सत्तेचाळीस? दाराच्या पत्र्यावर बाबांनी देवाचा फोटो स्क्रूनं ठोकला होता. तो काढून अनुक्रमांक जुळवला. मॉडेल दुसरं महायुद्ध संपल्यासंपल्याचं. म्हणजे मे, सत्तेचाळीस.

मे महिन्यात लोखंड ओतलं, तेही अमेरिकेत! आता ती गाडी आर्णीला पंधरा ऑगस्टच्या आधी पोचली की नंतर? इतकी घासाघीस करून मी पुन्हा होते तिथंच. डोकं बडवून घ्यावंसं वाटलं.

भंगारवाला गाडी न्यायला आला त्या सकाळी चुलतेही आले. हातात चष्मा, नजर फक्त इंजिनावर. "मले दाखव," म्हणाले, मला. बाबा बॉनेटपाशीच उभे होते. दोघांनी आळीपाळीनं वाकून आकडा पाहिला.

"जहाज यायले दोन महिने पुरे," बाबा गाडीकडं पाहत बोलले. "जुलैत गाडी दारात."

"जहाज तुह्या बापाचं होतं का बे?" इतक्या वर्षांनंतर बाबांशी त्यांचं पहिलं वाक्य हे. "आपला कापूस अथून यवतमाळले जाऊन आठ आठ दिस पडून राह्यते. अन् हे अमेरिकेतून! दिवाई झाली असंन, दिवाई!"

"तवाचे लोक आळशी नव्हते तुह्यासारखे."

"अन् समुद्रात वादळ?"

"मे महिन्यात कायचं वादळ बे?"

दोघांनीही जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. पण बंदर, बोट, मुंबईचे हमाल, घाटातला रस्ता, सगळं झालं. भंगारवाल्याचा दोनदा चहा झाला. शेवटी त्यानं गाडी ओढून नेली, तरी हे रिकाम्या जागेत उभं राहून भांडतच होते. निकाल काही लागला नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी बाबा खिशात आपट्याची पानं घालून निघाले.

"कुठं?"

"सोनं द्याले. मोठ्या भावाले."

"म्हणजे जहाज दिवाळीला पोचलं का?"

"जहाजाचं काय घेऊन बसली, बाई? माह्या बापानं ते गाडी नवी कुठी घेतलती? जिनवाल्या शेटजवळून सेकंडहँड घेतली. चार-पाच वर्सं चाललेली. आता मी कवाचा, ते तूच पाह्य."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आठवडाभर रॉकेलमध्ये हात घालून बसले होते! "हे तुम्हाला माहीत होतं? आणि त्यांना?"

"त्याले नसंन मालूम? गाडी आली तवा तो अंगणात खेळून राह्यलता. एका शब्दात मले गप केलं असतं त्यानं. नाही केलं."

"मग तुम्ही तरी बोलायचं ना! दोघं सकाळभर जहाजावर कायले भांडले?"

बाबांनी चपला घातल्या. डोळे भरले होते, ते त्यांनी लपवलेही नाहीत.

"मी सांगतलं असतं," ते म्हणाले, "तर तो तवाच घरी निंगून गेला असता."