चौथं आवर्तन

श्रीवर्धनच्या शारिक सरखोतने एकतीस वर्षं ज्या माणसाच्या मागे उभं राहून डबल बेस वाजवला, त्या माणसाचा त्याला मनापासून राग होता. बँडमधल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त पुढे सॅक्सोफोन वाजवणाऱ्या गणराजला, कारण मागे वळून पाहायची सवय गणराजला कधी नव्हतीच.

शारिक सतराव्या वर्षी मुंबईला गेला तो दुबईच्या वाटेवर. आळीतले सगळे तसेच जात. व्हिसा येईपर्यंत तो एका मोठ्या हॉटेलात सामान उचलायला लागला. तिथल्या जॅझ बँडमध्ये गोव्याचा एक म्हातारा डबल बेस वाजवी. माणसापेक्षा उंच ते वाद्य त्याला जिन्यावरून नेववत नसे, म्हणून शारिक नेई. वर नेऊन ठेवलं की म्हातारा त्याला बक्षिशीऐवजी एखादा सूर दाखवी. व्हिसा हातात पडला तोवर शारिकच्या बोटांना घट्टे पडले होते आणि दुबईचं मन राहिलं नव्हतं. बापाने वर्षभर त्याच्याशी बोलणं टाकलं. पुढे म्हातारा वारला, वाद्य शारिककडे आलं आणि बापाचा अबोला आणखी वर्षभर लांबला.

अतियाशी निकाह झाला तेव्हा तिला सांगितलं होतं, मुलगा हॉटेलात आहे. हॉटेलात म्हणजे काय, ते घरात वाद्य आल्यावर कळलं. पांढरी चादर पांघरून ओटीच्या कोपऱ्यात ते आडवं पडलेलं असे, आणि अतिया त्याला मय्यत म्हणे. पाहुण्यांसमोरही म्हणे. "ती मय्यत सरकवा, पान मांडायचं हाय," हे तिचं रोजचं वाक्य. शारिकचा एकही कार्यक्रम तिने कधी पाहिला नव्हता. तो सुट्टीला येऊन ओटीवर सराव करी, तेव्हा ती समोर पाटावर बसून व्यापाऱ्याची सुपारी सोलत बसे, तोंड वाकडं करून. ओटी सोडून मात्र ती कधी उठली नाही. उजेड तिथेच चांगला पडतो म्हणे.

त्याच ओटीवर शारिकने त्याच्या आयुष्यातली एकमेव स्वतःची गोष्ट रचली. गणराजने सॅक्सोफोनवर एक संथ चाल बांधली होती. तिच्या मधोमध सगळी वाद्यं थांबत आणि बेस एकटा चालत जाई. चार चार ठोक्यांची चार आवर्तनं, मग सॅक्सोफोन परत. ती चार आवर्तनं शारिकची. पहिली तीन विचारत जाणारी आणि चौथं उत्तर देणारं. महिनाभर तो तेवढंच घोटत होता. अतियाचा हात इतका बसलेला की एका आवर्तनाला एक सुपारी सोलून टोपलीत पडे. चौथी पडली की ती म्हणे, संपलं एकदाचं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी गणराज तिसऱ्या आवर्तनानंतरच आत घुसला. मोजायचा त्याला आधीपासून कंटाळा. आता मागच्या वादकाचा एक धर्म असतो, आणि म्हाताऱ्याने तो शारिकच्या हाडात भरला होता: पुढचा चुकला की आपणही त्याच्याबरोबर चुकायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला ते बरोबर वाटतं. शारिकने डोळ्याचं पातं लवायच्या आत चौथं आवर्तन गिळलं आणि गणराजच्या पायाखाली जाऊन उभा राहिला. इतकं सफाईने की तेच रेकॉर्डिंग पक्कं झालं. कॅसेट गाजली. तिच्यावर गणराजचा फोटो होता, आणि खाली बारीक अक्षरात 'साथ: इतर'.

तेव्हापासून चाल तीनवरच वाजू लागली. पुण्यात तीन, गोव्यात तीन, अलिबागच्या बंगलेवाल्यांच्या लग्नांत तीन. गणराज दरवेळी घुसे आणि शारिक दरवेळी त्याला झेली. एकदा त्याने विषय काढला, तेव्हा गणराज सगळ्यांदेखत म्हणाला की लोक तिकीट काढून माझ्यासाठी येतात, तुझी धडधड ऐकायला थांबत नाहीत. त्या दिवसापासून शारिकला एकच हवं होतं: ती चार आवर्तनं भरल्या मांडवात एकदा तरी पुरी वाजावीत.

गेल्या वर्षी गणराजने निवृत्तीचा कार्यक्रम ठरवला. जागा मुरुडच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलची हिरवळ. शारिकची मुलगी इनशा मुरुडलाच दिलेली, आणि तिच्या बाळंतपणासाठी अतिया तिथे येऊन राहिली होती. शेवटचंच आहे तर बघू तरी, म्हणत तीही मागच्या खुर्चीवर येऊन बसली. दुपारी तालमीत शारिकने सगळ्यांसमोर सांगितलं, आज चार. गणराजने हात उडवून म्हटलं, "घे बाबा, चार घे."

ऊन उतरता उतरता चाल सुरू झाली. सगळे थांबले. शारिकने पहिलं आवर्तन वाजवलं, दुसरं, तिसरं. आणि गणराज घुसला.

सवयीने घुसला की हट्टाने, देव जाणे. शारिक या वेळी हलला नाही. चौथं आवर्तन त्याने पुरं वाजवलं, ठोका न् ठोका, आणि त्याच्या उरावर गणराजचा सॅक्सोफोन भलतंच काही गात राहिला. ड्रमवाला बाबाजी एक क्षण घुटमळला. त्याला सगळं ठाऊक होतं. तरी तो गणराजच्या मागे गेला. पुढच्या रांगेतल्या बायका, ज्यांना ती चाल पंचवीस वर्षं तोंडपाठ होती, कपाळाला आठ्या घालून बघत होत्या. बेसकडे. चाल संपल्यावर गणराज माइकवर हसून म्हणाला, "आमच्या शारिकभाईंचं आता वय झालंय, सांभाळून घ्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. गणराजच्या मोठ्या मनासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीवर टेम्पो उभा होता आणि टेम्पोत चादरीखाली वाद्य. शारिक रात्रभर मनातल्या मनात गणराजला शिव्या घालत होता, आणि अजून त्या संपल्या नव्हत्या. बाबाजीला वेगळ्या, त्या बायकांना वेगळ्या. अतिया शेजारी उभी राहून पाण्याकडे बघत होती. बरंच अंतर कापल्यावर ती म्हणाली,

"चुकला तो. तुमी नाय."

शारिकने चमकून तिच्याकडे पाहिलं. तुला काय कळतंय त्यातलं, असं त्याच्या तोंडावर आलं होतं.

"चार सुपाऱ्यांचा हाय तुमचा तुकडा," अतिया म्हणाली. "माझा हात कधी तीनवर थांबला नाय. त्या गणराजला धीर नाय, आन् काय."

इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी तो झुरला, ते त्याला मिळालं, तेही मय्यत म्हणणाऱ्या तोंडून. त्याचे डोळे भरून आले. काहीतरी बोलावं म्हणून तो म्हणाला की एवढ्या माणसांत एकालाही कळू नये, सगळे बहिरे, नालायक.

अतियाने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ त्याच्याकडे वळली.

"लोकांना कशाला बोलताय? एवढी वरसं त्याची चूक झाकली कोनी? तुमीच ना? मंग त्यांनी वळखायचं तरी कसं?"

दिघीचा धक्का येईपर्यंत शारिक टेम्पोतल्या पांढऱ्या चादरीकडे बघत राहिला. जन्मभर गणराजच्या नावावर जपून ठेवलेल्या रागातला निम्मा आपल्यावरचाच निघाला, आणि तो घेऊन आता घरी जायचं होतं, तिच्यासमोर त्याच ओटीवर बसायचं होतं. गणराजही त्याला जेवढा कधी नावडला नव्हता, तेवढी त्या घडीला अतिया नावडली.