मागच्या रांगेतला हात

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी काका स्टेजच्या मधोमध उभे राहायचे, उजवा हात खांद्याएवढा वर करायचे आणि सगळ्या रिकाम्या खुर्च्यांवरून थेट शेवटच्या रांगेकडे बघायचे.

"बाय, मागे पोचलं का?"

बाय म्हणजे मी. हॉलची झाडलोट माझ्याकडे आहे. झाडू बाजूला ठेवून मी दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत बसायचे. ऐकू आलं तर हात वर करायचा, नाही आलं तर करायचा नाही. एवढंच काम, पण काकांनी ते दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. निर्मळ गावात त्यांची केळीची वाडी, आणि ते दोनदा आमचे नगरसेवक झाले. नगरसेवक म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे गटार आणि रस्ता येणार. तेही त्यांनी केलं. पण नाटकवाल्यांना, भजनवाल्यांना, चित्रं काढणाऱ्या मुलामुलींना हक्काची जागा हवी म्हणून हा हॉल त्यांनी भांडून मिळवला. उद्घाटनाला ते वाडीतून तसेच आले. मी नुकत्याच पुसलेल्या लादीवर त्यांची चिखलाची पावलं उमटली. मी फडका घेऊन मुकाट मागे मागे पुसत गेले. ते वळून म्हणाले, "शिव्या तोंडाने दे गं. मनातल्या मनात दिलेल्या मला कळत नाहीत."

मी पहिल्यापासून अशीच. तोंडातून शब्द लवकर निघत नाही.

त्यांनी मला पहिल्यांदा मागे बसवलं तेव्हा हॉलमध्ये बरेच मोठे लोक जमले होते. काका माइकवर काहीतरी बोलले, हात वर केला. मला काहीच ऐकू आलं नव्हतं, पण सगळे वळून बघायला लागले तेव्हा घाबरून मी हात वर केला. काका स्टेजवरून उतरले, चालत माझ्यापर्यंत आले, शेजारच्या खुर्चीत बसले.

"मी काय विचारलं?"

मी खाली बघितलं.

"आज डब्यात काय आणलंस, असं विचारलं होतं. त्याला कुणी हात वर करतं का?"

"एवढी माणसं होती काका. नाही कसं सांगू?"

"मोठी माणसं पुढे बसतात, त्यांना ऐकू येतंच. कार्यक्रम मागच्यांसाठी असतो. तू खोटा हात केलास तर मी तिकडे उभा राहून मूर्ख ठरतो. परत करू नकोस."

त्या दिवसापासून माइकवर "हॅलो हॅलो" बंद झालं. काका विचारायचे, "डब्यात काय?" आणि मी हात वर करून शेवटच्या रांगेतून ओरडायचे, "वांगं!" माझ्यासारखी बाई एवढ्या मोठ्याने ओरडली, असं माझ्या नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "उगाच काहीतरी सांगू नकोस."

एकदा एक मोठे पाहुणे भाषण करत होते आणि मागे नुसती गुणगुण येत होती. मी हात खालीच ठेवला. काकांनी पाहिलं आणि चालू भाषणात उठून म्हणाले, "साहेब, जरा थांबा. मागे पोचत नाहीये."

पाहुणे चिडले. "मागे आहे तरी कोण?"

"आमची बाय आहे."

हॉल हसला. मला खुर्चीखाली जावंसं वाटलं. पण साहेबांनी माइक जवळ घेतला आणि पहिल्यापासून बोलले.

भुईगावच्या म्हाताऱ्या बायका लग्नातली गाणी म्हणायला आल्या, तेव्हा त्या माइक बघून गप्पच झाल्या. काकांनी माइक काढून घेतला, खाली सतरंजी घातली, पुढ्यात सूप आणि तांदूळ ठेवले आणि म्हणाले, "गाऊ नका. निवडा नुसते." निवडता निवडता एकीने सूर धरला, मग दुसरीने. काका धावत माझ्याजवळ आले आणि शेवटपर्यंत तिथेच उभे राहिले. डोळे पुसत म्हणाले, "पोचतंय गं. माइक नसतानाही पोचतंय."

आमच्याकडे सत्काराला नारळ नसायचा. शालीबरोबर सुकेळीचं पुडकं द्यायचे. राजेळी केळी सोलून, वाळवून, सुक्या पानात बांधलेलं ते पुडकं काकींच्या हातचं असायचं. किती गायक, किती वादक ते घेऊन गेले, मोजलं नाही. शेवटी काका लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलेली आभाराची यादी वाचायचे. पडदा ओढणारा, चहावाला, वॉचमन, "मागच्या रांगेची बाय". काकींचं नाव त्यात कधी आलं नाही.

काकी पुढच्या रांगेत बसून म्हणायच्या, "आज चहावाल्याच्या म्हशीचंसुद्धा नाव झालं. आमचं राहिलं."

"घरच्या माणसाचे कुणी आभार मानतं का?" काका म्हणायचे.

"नका मानू. पुडकी आपोआप बांधली जातात."

सगळे हसायचे. काकीही हसायच्या. पण प्रत्येक कार्यक्रमाला यादी निघाली की त्या पदर सावरून नीट बसायच्या, हे मी मागून पाहिलं आहे.

मग काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. राहिली ती नुसती हवा, तीही अगदी तोंडाशी कान नेला तर कळणारी. घरात ते पाटीवर लिहून बोलायचे. लोकांनी ठरवलं, आता काकांचा सत्कार करायचा. इतकी वर्षं ते टाळत आले होते. "माझा सत्कार केलात म्हणजे घरी बस म्हणालात," असं म्हणायचे. या वेळी त्यांनी होकाराची मान डोलावली.

दुपारचा कार्यक्रम होता. हॉल भरला. कितीतरी माणसं उभी होती. माझी खुर्ची मात्र कुणी घेतली नाही. काकांना शाल दिली, पुडकं दिलं. त्या दिवशी आपल्याच नवऱ्यासाठी बांधताना काकींच्या मनात काय आलं असेल, कोण जाणे. मग काका उठून माइकपाशी गेले. हातात कागद नव्हता, लग्नपत्रिका नव्हती. ओठ हलायला लागले. माइकमधून फुस्स फुस्स एवढंच येत होतं. माइकवाल्याने आवाज वाढवला तर शिट्टी वाजली, म्हणून त्याने परत कमी केला. वर पंखे गरगरत होते. कुणी खोकलं नाही.

थोडं बोलून काका थांबले. उजवा हात खांद्याएवढा वर केला आणि माझ्याकडे बघितलं.

सगळा हॉल मागे वळला. मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी डब्यात काय ते विचारलं नव्हतं, एवढं मला दिसत होतं.

मी हात वर केला. चांगला उंच केला.

काकांचा चेहरा असा झाला, की तो मला अजून दिसतो. ते पुढे बोलत राहिले, बराच वेळ बोलले. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

पुढच्या पावसाळ्याआधीच काका गेले.

त्यानंतर महिन्याभराने, मी खुर्च्या पुसत असताना काकी आल्या. हळूहळू चालत शेवटच्या रांगेत आल्या आणि माझ्या खुर्चीत बसल्या.

"त्या दिवशी पुढे बसून मला काही ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. "लोकांनी फोनमध्ये घेतलं, त्यातही नुसते पंखे वाजतात. पण तू हात वर केलास. म्हटलं, माझेच कान गेले असतील. घरी आल्यावर यांनी पाटीवर लिहिलं, 'मागे पोचलं.' आणि किती दिवसांनी नीट झोपले. काय बोलले गं?"

मला खरं सांगायचं होतं. पण त्या पदर सावरून बसल्या होत्या.

"तुमचं नाव घेतलं काकी."

त्या स्टेजकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुठलं? जगाचं की घरातलं?"

"घरातलं," मी म्हटलं. त्यांना घरात कुठल्या नावाने हाक मारत, मला ठाऊक नव्हतं. त्यांनी ते विचारलंही नाही.

त्या उठल्या, मला खुर्चीत बसवलं. कठड्याला धरून स्टेजवर चढल्या आणि काका उभे राहायचे तिथे जाऊन उभ्या राहिल्या. पंखे बंद होते, हॉलमध्ये आम्ही दोघीच. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी उजवा हात वर केला, खांद्याएवढा, आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

मला काही ऐकू आलं नव्हतं. माझा हात मांडीवरून उचलेना.

काकींनी वाट पाहिली. मग समजल्यासारखी मान हलवली आणि आपला हात खाली घेतला. पायऱ्या उतरून त्या परत माझ्यापर्यंत चालत आल्या. मी मान वर केली नाही. त्या शेजारी बसल्या, अगदी माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "आज डब्यात काय आणलंस?"

"वालाची उसळ," मी म्हटलं, पण आवाज फुटला नाही. परत सांगावं लागलं.

मी डबा उघडला. आम्ही दोघींनी शेवटच्या रांगेत बसून भाकरी खाल्ली. समोर स्टेज रिकामं होतं. काका त्या दिवशी काय बोलले, ते आम्हाला दोघींनाही माहीत नाही. उसळ जरा खारट झाली होती. काकी काही म्हणाल्या नाहीत.