उताऱ्यावरचं तिसरं नाव

प्लॉट घ्यायचा हे माझंच खूळ. सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. मी जळगावात शाळेत शिकवत होते, हे पोस्टात होते, आणि भाड्याची चार घरं बदलून माझा जीव विटला होता. पिंप्राळ्याकडे तेव्हा नुसती वावरं. त्यातलं एक बिनशेती होऊन त्याचे प्लॉट पडले आणि मी हट्टच धरला. "तिथे संध्याकाळी कोल्हे ओरडतात," हे म्हणाले. म्हटलं, "ओरडू देत. भाडं वाढवून तर मागत नाहीत ना!"

वावर दोघा भावांचं. इसाराची आगाऊ रक्कम आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, द्यायची ठरली, कारण तो साडेतीन मुहूर्तांतला दिवस, आणि आखाजीला घेतलेली जमीन टिकते असं आमच्याकडे जो तो सांगतो. आमची सगळी शिल्लक एका पिशवीत होती. ती बुडाली असती तर जन्म भाड्याच्या खोलीतच गेला असता.

तलाठ्याकडून सातबाराचा उतारा मी आधीच आणला होता. "उतारा काय वाचतेस, माणसं बघ," हे म्हणाले होते. माणसं बघितली आणि उताराही वाचला. बापाच्या माघारी लागलेली नावं दोन नव्हती, तीन होती. तिसरं बहिणीचं.

आखाजीला त्या भावांच्या ओसरीवर बसल्या बसल्या मी बहिणीचं विचारलं, तर थोरला भाऊ हसला. "बाई, बहीण कधी वाटा मागते का? आमच्यात तशी रीत नाही. आम्हा दोघांच्या सह्या पुरे." हे लगेच मान डोलावून मोकळे! वर माझ्या कानाशी, "मुहूर्त टळतोय." असा संताप आला मला! मुहूर्त टळला तर दुसरा येतो. पैसे गेले तर कोण आणून देणार होतं?

आखाजी माहेरवाशिणींचा सण. ती बहीणही आलेली, अंगणात निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसली होती. मी उतारा घेऊन सरळ तिच्यापाशी गेले. "अक्का, भाऊ या वावराचे प्लॉट विकताहेत. तुमची संमती आहे ना?"

तिने पाय टेकवून झोका थांबवला. "विकून राहिले? मले त कोनी इचारलं बी नाही."

झालं! थोरला ओसरीवरून गरजला, "सणासुदीचं भांडण लावायला आलात का?" आम्ही पिशवी जशीच्या तशी घेऊन परतलो. "तुझ्या जिभेपायी प्लॉट गेला," हे म्हणाले आणि पुढचे चार दिवस स्वतःचं ताट स्वतःच वाढून घेत होते. मीही भांडी आदळत होते, पण आतून रडू येत होतं. प्लॉट मलाच तर हवा होता.

पाचव्या दिवशी धाकटा भाऊ सायकलवरून दारात आला. "अक्काला तिचा वाटा द्यायचं ठरलं. ती सासरी जायच्या आत खरेदी उरकून घ्या." हुश्श! छातीवरचा धोंडाच उतरला. त्याला बसा म्हणायचंही मी विसरले.

रजिस्ट्रार कचेरीत अक्का माझ्या शेजारी बाकावर टेकली. "मले इचारनारी तूच पहिली, बाई," ती म्हणाली. "तुले माहेरी कोनी इचारलं का?"

धुळ्याला माहेरी, मागच्याच भाऊबीजेला, ओवाळून झाल्यावर भावाने वडिलांच्या जमिनीवरच्या हक्कसोडीचा कागद पुढे केला होता आणि मी हसत हसत, एक अक्षर न वाचता, सही ठोकली होती. दुसऱ्याचा उतारा निरखणारी शहाणी मी! "नाही अक्का," म्हटलं, "सही तेवढी घेतली." हे शेजारीच उभे होते. त्या सहीबद्दल घरी मी कधी बोलले नव्हते.

दस्त लिहिणारा खरेदीखत वाचू लागला. घेणाऱ्याच्या जागी आधी माझं नाव आलं, मग यांचं. मी चमकून यांच्याकडे पाहिलं.

"बघतेस काय?" हे म्हणाले. "सकाळीच सांगून ठेवलंय मी. आता वाचून सही कर."

डोळे पुशीत पुशीत मी तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.