दाराशी लागलेली हिरवी सायकल

आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या काकांइतक्या प्रेमाने रागावणारा माणूस अख्ख्या सुरतेत सापडायचा नाही, आणि मी त्यांना जितका घाबरलो तितका कुणालाच नाही, मिलमधल्या मास्तरलासुद्धा नाही. गोडादरा भागात एका खोलीत आमची रविवारची उपासना चालायची, वीस-पंचवीस माणसं, बहुतेक नवापूरकडची. कुणाचं काही चुकलं की शनिवारी संध्याकाळी काकांची हिरवी सायकल त्याच्या दाराशी लागलीच म्हणून समजा. चारचौघांत बोलायचं नाही, आधी एकट्याला गाठायचं, हा प्रभूचा नियम ते काटेकोर पाळायचे. पण अख्खी गल्ली सायकल ओळखायची. शेजारच्या मावशी विचारायच्या, "आज कोणाचा नंबर?" मग काका सायकल दोन गल्ल्या पलीकडे लावायला लागले, तर तिकडचा एक निष्पाप माणूस आठवडाभर बायकोला खुलासे देत बसला.

उपाशी माणसाला बोलू नये म्हणून ते सोबत हरभऱ्याच्या डाळीचा गरम लोचो आणायचे. तो खाऊन झाला की म्हणायचे, "आधी माझी एक चूक सांग. मग मी तुझी सांगतो." आणि सांगितलेली चूक खरंच ऐकून घ्यायचे. मावशींनी एकदा त्यांना सलग तासभर ऐकवलं. काका मान खाली घालून बसले, आणि लोचो मावशींनीच संपवला.

तेव्हा मी पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये रंग तोलायचो. एकदा माझं वजन चुकलं आणि साड्यांचं राणी कलरचं कापड वांग्यासारखं निघालं. रंगखात्याच्या मास्तरने विचारल्यावर मी बोलून गेलो, "मशीनवाल्या भाऊंनी जास्त वेळ चालवलं." भाऊंना त्याच दिवशी घरी बसवलं. दोन पोरं त्यांची. मला जेवण जाईना. आणि शनिवारी दाराशी सायकल लागली.

मी लोचो नुसता चिवडत बसलो. मी कशीबशी काकांची चूक सांगितली, "तुम्ही प्रार्थना फार लांबवता." ते म्हणाले, "मान्य. आता तुझी..." मी पुढचं ऐकलंच नाही, सगळं भडाभडा ओकलो, वजन, मास्तर, भाऊ, सगळं. काकांनी लोचोच्या कागदाची घडी केली. मग हळूच म्हणाले, "मी तर तू प्रार्थनेत डोळे उघडे ठेवतो ते सांगायला आलो होतो, भो."

मी हसलो नाही, तेही नाही. जाताना एवढंच म्हणाले, "सोमवारी मी गेटपर्यंत येतो. आत तुला एकट्याला जावं लागेल."

आलेसुद्धा. मी मास्तरकडे जाऊन खरं सांगून बाहेर येईपर्यंत ते सायकल धरून उन्हात उभे होते. भाऊंना परत बोलावलं. मला ओलं कापड ओढायच्या कामाला लावलं, पण त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

गेल्या वर्षी काका नवापूरला परत गेले. शनिवारी बाहेर सायकलची घंटी वाजली की अजून मी उठून दारात जातो. दूधवाला असतो. चुका माझ्या चालूच आहेत, पण लोचो घेऊन कुणी येत नाही.