नव्या वॉर्डाचं उद्घाटन

ओल्या रंगाचा वास आला की लोणावळ्याजवळच्या आमच्या व्यसनमुक्ती केंद्रातला तो दिवस आठवतो. सरकारी अनुदानातून नवा वॉर्ड बांधला होता आणि मी तिथं नर्स होते. बाहेर धुकं दाटलेलं, मंडपात सनई वाजत होती, पाहुणे यायचे होते. तेवढ्यात जवळच्या कुरवंडे गावची एक बाई नवऱ्याला धरून घेऊन आली. तो घामानं निथळत होता, हात लटलटत होते. "ताई, आवसंपास्नं थेंब घेतला न्हाई ह्यांनी. आता लय कापत्यात." मी त्याला खाटेकडे नेऊ लागले, तर संस्थेचे सचिव आडवे आले. "फीत कापल्याशिवाय खाटेवर कुणी नाही. आणि उद्घाटनाला येणाऱ्या साहेबांसमोर हा असा थरथरणार?" त्यांनी ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हर त्याला इमारतीमागे घेऊन गेला. बाईचा नवरा परत आला तेव्हा त्याचे हात थांबले होते आणि तोंडातून दारूचा भपकारा येत होता. पाहुणे आल्यावर सचिवांनी त्यालाच स्टेजवर चढवलं आणि 'आमचा बरा झालेला रुग्ण' म्हणून पाहुण्यांच्या हातून त्याच्या गळ्यात हार घालायला लावला. टाळ्या वाजल्या, तोही हसला. त्याची बायको मात्र माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता पुन्यांदा कसं सोडवू ह्यांना?" पुढच्या आठवड्यात मी औषधं घेऊन कुरवंड्याला गेले, तर मला पाहताच तिनं दार लावून घेतलं. मी आजही त्याच वॉर्डात काम करते. कुरवंड्याचं कुणी आलं की त्या बाईच्या नवऱ्याचं काय झालं ते विचारते, आणि माणसं विषय बदलतात.