दत्तारामदादांच्या घरची पहिली अंघोळ

आमची कंपनी त्या वर्षी बर्फातल्या पोस्टवर होती. दिवाळीला मला रजा मिळाली आणि मी तुडीलला घरी आलो. आमचे नाईक दत्ताराम, म्हणजे दादा, वर पोस्टवरच राहिले. ते उमरठच्या वरच्या वाडीतले. आता मी फौज सोडून महाडला बी.ए. करतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहायची सवय नाही, त्यामुळे घडलं तसंच सांगतो.

नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी कंपनीतल्या हवालदारसाहेबांचा फोन आला.

"पोस्टवर बर्फ कोसळला. दत्ताराम मिसिंग. सर्च चालू आहे."

"जी, साब."

"पक्की खबर येईपर्यंत त्याच्या घरी बोलायचं नाही. पण सकाळी तू तिथे हवास."

"जी, साब."

पहाटे मोटारसायकलने पोलादपूरमार्गे वाडीत पोचलो. अंगणात तुळशीपुढे दोन कारिटं, ती छोटी कडू फळं, मांडलेली होती. दादांची मुलगी स्वरा आणि धाकटा ओम तेल लावून कुडकुडत उभे होते. आमच्याकडे पहिल्या अंघोळीच्या वेळी डाव्या पायाने कारीट फोडतात आणि 'गोविंदा' म्हणून ओरडतात. या घरात ती आरोळी दादा द्यायचे. पोस्टवर असले तर फोनवरून.

"काका, अंघोळ केलीत काय?" स्वराने विचारलं.

"नाय गो."

"मग तुम्ही नरकात जाणार!"

ओम खो खो हसला. मलाही हसावं लागलं.

सुनंदावहिनी चुलीपासून उठून आल्या. "भावजी, ह्यांचा फोन लागत नाय. तुमच्या मोबाईलवरनं लावा की."

"वर रेंज नसते, वहिनी."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि आत गेल्या.

उजाडायला आलं. पोरं हलेनात. "बाबांचा फोन आल्याबिगर नाय फोडणार," ओम म्हणाला. मी मनात एकच घोकत होतो, दादा सापडू देत, जिवंत सापडू देत. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. मी गोठ्यामागे गेलो.

"बॉडी मिळाली," हवालदारसाहेब म्हणाले. "थोड्या वेळात युनिटचे सीओसाहेब घरी फोन करतील. संभाळ."

वळलो तर दादांचे वडील, आबा, समोर उभे होते. मी तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"बोलू नको."

"आबा, मला..."

"कानावर आलं की सुतक लागतं. मग पोरांच्या अंगावरचं तेल तसंच र्‍हाईल. अजून मी काय ऐकलेलं नाय."

"वहिनींना तरी..."

"तिलापण नाय. आधी पोरं न्हाऊ देत. ह्याच्यापुढं कसली दिवाळी त्यांना?"

फौजेत ऑर्डर कळायला मला कधी वेळ लागला नाही. ही ऑर्डरही कळली. मी मोबाईल खिशात टाकला. आबा अंगणात गेले.

"चला रे. बाबाला ड्युटी हाय. आज आरोळी माझी."

"तुम्हाला जमणार नाय," स्वरा म्हणाली.

"तुझ्या बापाला कोणी शिकवली गो?"

आबांनी छाती भरून श्वास घेतला. "गोविंदा..." आवाज मधेच फाटला.

"आबा, जोरात!" ओम ओरडला.

त्यांनी पुन्हा आरोळी दिली. समोरच्या डोंगरापर्यंत गेली असेल. कारिटं फुटली. ओमने कडू बी जिभेला लावून तोंड वाकडं केलं. वहिनींनी दोघांना ऊन पाण्याने न्हाऊ घातलं. आबांनी स्वतः पोहे वाढले. ओमने परत मागितले, आबांनी परत वाढले. मलाही ताट दिलं. वहिनींचा फोन आबांनी मघाशीच उचलून बंडीच्या खिशात घातला होता. वहिनींनी ते पाहिलं होतं.

मग आबांनी पोरांच्या हातात फराळाचं ताट देऊन त्यांना शेजारच्या घरी पाठवलं. दोघं दिसेनाशी झाल्यावर ते ओटीवर बसले आणि सुनेला जवळ बसवून घेतलं.

"आता सांग," ते म्हणाले.

मी सावधान उभा राहिलो आणि सांगितलं. वहिनींनी आबांचा हात दोन्ही हातांनी धरला. आतमध्ये चूल अजून पेटलेली होती. ती विझवायला कोणी उठलं नाही. आबांच्या खिशातला फोन वाजू लागला.

नाईक दत्ताराम. पोस्टवर ते सगळ्यांच्या आधी उठायचे आणि बर्फ वितळवून आमच्यासाठी पाणी तापवून ठेवायचे. सण असो नसो.