त्याचा डावा कान

साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका फोर्जिंग कारखान्यात मी चौदा वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो. लालभडक तापलेलं लोखंड घणाखाली ठोकून गाड्यांचे भाग करायचे, हा कारखान्याचा धंदा. लोकांवर ओरडायचं, हा माझा. हेल्मेट कुठाय, चष्मा कुठाय, चप्पल घालून आत आलासच कसा. माझा आवाज लांबून आला की खिशातले चष्मे पटापट डोळ्यांवर चढायचे. मला ते ठाऊक होतं आणि बरंही वाटायचं. आता निवृत्त होऊन सांगलीत विश्रामबागेत राहतो. पण एक माणूस डोक्यातून जात नाही. त्याच्या बाबतीत जे केलं ते चांगल्या मनानं केलं, असं बरेच दिवस स्वतःला सांगून पाहिलं. आता तेही सांगवत नाही.

तो पाटणच्या वरच्या अंगाच्या गावातला. दोघे थोरले भाऊ फौजेत. हा लहानपणी तापात बहिरा झाला, म्हणून घरी राहिला. कंपनीनं दिव्यांग कामगार घ्यायचे ठरवले तेव्हा तो आला. अंगानं दणकट, हातात कसब, आणि हसरा. त्याला कुठं द्यायचं यावर मीटिंग झाली. घणाच्या शेडमध्ये कुणी टिकत नव्हतं. तिथला आवाज असा की कानात रबरी प्लग घालूनही संध्याकाळी घरी गेल्यावर कान भणभणत राहायचे. मी म्हणालो, "घणावर द्या की. त्याला आवाजाचा त्रासच नाही."

सगळ्यांना ते एकदम पटलं. मॅनेजरसाहेब म्हणाले, "याला म्हणतात डोकं!" मीही फुगलो. त्या काळात मी हा किस्सा घरी आणि पाहुण्यांतही सांगितला असेल.

मग मी कामाला लागलो. भोंग्याशेजारी फिरता लाल दिवा बसवून घेतला. फोर्कलिफ्टच्या वाटेवर पिवळे पट्टे मारले. त्याच्या जोडीदाराला बजावलं, मागून जायचं नाही, आधी समोर यायचं. पाच-सहा खुणा मी स्वतः शिकलो आणि शेडमधल्या सगळ्यांना शिकवल्या. हे मी मनापासून केलं, उगाच खोटं कशाला बोलू? दिव्यांग दिनाला त्याच्यासोबत माझा फोटो नोटीस बोर्डावर लागला. त्यात तो हसतोय आणि मी पोट आत घेऊन उभा आहे.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट घडली. शेडच्या दाराशी दोरीच्या प्लगांचा डबा असायचा. त्यानं त्यातली एक जोडी उचलली. स्टोअरवाला मोठ्यानं म्हणाला, "तुला रं कशाला गड्या?" सगळे हसले. मीही हसलो. मी त्याच्यापुढं दोन्ही हात उडवून तेच खुणेनं विचारलं, तुला कशाला? त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग डाव्या कानाला बोट लावून काहीतरी सांगू लागला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पुढं गेलो. त्यानं प्लग परत डब्यात टाकले. तोही हसत होता, असं मला आठवतं. तसं आठवणं माझ्या सोयीचं आहे, हेही आता कळतं.

महिन्याभरानं तो डाव्या कानात कापूस कोंबून काम करताना दिसला. मशीन पुसायचा कापूस, तेलकट. माझं डोकंच फिरलं. "अरे, कान सडेल तुझा!" असं ओरडलो. ऐकू येत नसलेल्या माणसावर ओरडणारा मी. कापूस काढायला लावला, कचऱ्याच्या डब्यात टाकायला लावला, वर बोट नाचवून दम दिला. मी त्याच्या कानाची काळजी घेत होतो.

दरवर्षी घणाच्या शेडमधल्या लोकांची श्रवण चाचणी व्हायची. यादी माझ्याकडं यायची आणि त्याचं नाव मी स्वतःच खोडायचो. "बहिऱ्याची कसली चाचणी," असं एकदा क्लार्कला म्हणालो आणि आम्ही दोघं हसलो. अशी सहा वर्षं गेली.

सातव्या वर्षी चाचणीच्या गाडीबरोबर एक नवी मुलगी आली, नुकतीच शिकून बाहेर पडलेली. तिनं हजेरीशी यादी ताडून पाहिली आणि म्हणाली, "सर, एक माणूस कमी आहे."

मी म्हणालो, "तो बहिरा आहे हो."

"किती बहिरा?"

सात वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मीही स्वतःला विचारला नव्हता. तिनं त्याची फाइल मागवली. नोकरीला लागतानाच्या कागदांत कानाच्या तपासणीचा आलेख होता. खाली कोपऱ्यात "पाहिले" असं लिहून माझी सही. उजवा कान पार गेलेला. डावा मात्र नाही. जवळून बोललेलं त्या कानाला ऐकू येत असणार, असं तिनं सांगितलं. तेव्हाच कानाचं मशीन लावलं असतं तर बरंच ऐकू आलं असतं, असंही म्हणाली. मग त्याला गाडीत बसवून तपासलं. अर्ध्या तासानं दोन्ही आलेख तिनं माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. नव्या आलेखात डावा कान उजव्यासारखाच होता.

"प्लग देत होता ना त्याला?" तिनं विचारलं.

मी जुना आलेख उचलून फाइलमध्ये ठेवू लागलो. ती म्हणाली, "गेलेलं परत येत नाही, सर." तिनं आवाजही चढवला नव्हता. चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

त्याला पॅकिंगला हलवलं. सगळ्यांची चाचणी आणि सगळ्यांना प्लग, असा नियम मी लिहून काढला. रिपोर्टमध्ये मात्र "नजरचुकीने" असा शब्द घातला. माझी नजर कुठंच चुकली नव्हती. त्यानं दोनदा मला दाखवलं होतं आणि मी दोनदा बघितलं होतं.

पुढच्या रविवारी मी त्याच्या गावी गेलो. जे झालं ते माझ्यामुळं झालं, हे त्याला तोंडानं सांगायचं, एवढंच ठरवून निघालो होतो. मला दारात बघून तो इतका खूश झाला की त्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि आत नेऊन खाटेवर बसवलं. त्याची बायको पदर सावरत पुढं आली.

"आवं सायेब, तुमी लय केलं ह्यांच्यासाठनं," ती म्हणाली. "दिवा लावला, समद्यांस्नी खुणा शिकिवल्या. समदं सांगत्यात."

मी विचारलं, "डाव्या कानानं ऐकू यायचं ना त्याला?"

"व्हय की. जवळ तोंड नेऊन बोललं की कळायचं. पर मागनं, भाईर बोलायचं न्हाई आसं घरात ठरलं हुतं. ऐकू येतंया म्हटल्यावर नोकरी ऱ्हाईल का, ह्येचं भ्या." मग तिनं दाराआड उभ्या असलेल्या पाचेक वर्षांच्या मुलीकडं बघितलं. "ही तर कानाला तोंड लावूनच बोलायची, दिवसभर. आता ह्ये कान म्होरं करत्यात, पर कळत न्हाई. हिला वाटतंय पप्पा मुद्दाम बोलत न्हाईत. रुसलीया."

मुलगी माझ्याकडं एकटक बघत होती. बायको चहा ठेवायला आत गेली.

मी त्याच्या डाव्या बाजूला सरकलो. सात वर्षांत त्या कानाशी मी एकदाही बोललो नव्हतो. तोंड अगदी जवळ नेलं आणि म्हणालो, "माझं चुकलं. मीच केलं हे. माफ कर."

माझा श्वास लागला असावा, तो दचकून वळला. माझ्या तोंडाकडं बघू लागला. मग आपल्या ओठांवर बोट टेकवून त्यानं खूण केली, समोरून बोला. माझा चेहरा नीट दिसावा म्हणून खाटेवर वळून तो समोर बसला आणि वाट बघत राहिला. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि उभी राहिली. मुलगीही आत येऊन तिच्या शेजारी थांबली.

मी त्याच्याकडं बघितलं. तोंड उघडलं, आणि शब्द सुटे सुटे करून म्हणालो, "चहा छान झालाय."

कप अजून माझ्या हातातही आला नव्हता. त्यानं ते ओठांवरून वाचलं, आणि खूश होऊन बायकोला खुणेनं सांगितलं.